यादीबाहेरचे स्तोत्र

पत्र

आदरणीय काकू,

मी नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीत सोळा वर्षे संडे स्कूलची शिक्षिका आहे. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येऊन आमच्या अकरा मुलामुलींचे दृढीकरण, म्हणजे मस्तकावर हात ठेवून त्यांना विश्वासात पक्के करण्याचा विधी, करणार आहेत. बिशपांच्या हाताखाली गुडघे टेकताना प्रत्येकाच्या अंतःकरणात वचन असले पाहिजे, या तळमळीने मी पवित्र शास्त्रातील दहा उताऱ्यांची यादी केली आहे. तीत दहा आज्ञा, स्तोत्र 23, योहान 3:16, पहिले करिंथ 13 वगैरे आहेत. दर रविवारी मी तोंडी परीक्षा घेते आणि वहीत गुण मांडते. दहा जणांची तयारी बरी आहे, पण या रविवारी घडाघडा म्हटलेले पुढच्या रविवारी त्यांना आठवत नाही. अकरावा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि तो यादीतील काहीच म्हणत नाही. मागे एकदा फार आग्रह केला, तेव्हा तो उभा राहिला आणि यादीत नसलेले स्तोत्र 121 म्हणू लागला, तेही जात्यावरच्या ओवीसारखे हेल काढून. मुले हसू लागली, म्हणून मी त्याला खाली बसवले आणि नियमाप्रमाणे शून्य गुण दिले. घरी त्याची आजी असते, तिला लिहितावाचता येत नाही, तिने शिकवले असावे. तेव्हापासून तो मागच्या बाकावर बसतो आणि तोंड उघडत नाही. पाळकसाहेबांना सांगून या वर्षी त्याचे नाव वगळावे का? आणि बाकीच्यांच्या हृदयात वचन टिकावे म्हणून मी आणखी काय करावे?

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले. तो शब्द आहे ‘असावे’. यादीत किती उतारे, मुले किती, बिशप केव्हा येणार, शून्य कोणत्या नियमाने दिले, हे सारे तुम्ही नेमके लिहिले आहे. मात्र एका मुलाच्या मुखात एक आख्खे स्तोत्र चालीसकट कसे आले, हा तुमच्या पत्रातील एकमेव महत्त्वाचा प्रश्न तुम्ही ‘आजीने शिकवले असावे’ असे म्हणून वाटेला लावला आहे. सोळा वर्षे जिच्या शोधात तुम्ही वह्या भरल्या, ती गोष्ट तुमच्यासमोर उभी राहून गाऊ लागली, आणि तुम्ही तिला खाली बसायला सांगितले. मुले हसली याचे मला विशेष वाटत नाही. त्या वयात मुले हसतातच. पण मुले हसली म्हणून बसवायचे असते ते हसणाऱ्यांना.

बाकीच्या दहा जणांच्या विसरण्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात गूढ काही नाही. तुम्ही त्यांच्याकडे गुण मागितले आणि त्यांनी ते दिले. विजेचे बिल भरून झाल्यावर आकडा कोणी लक्षात ठेवत नाही, तसेच वहीत गुण पडल्यावर ते वचनही त्यांच्या लेखी चुकते झाले. मी स्वतः चौदाव्या वर्षी ‘आत्म्याने दीन ते धन्य’ येथपासून सगळा उतारा एका दमात म्हणून दाखवला होता आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळवला होता. डबा अजून आहे, त्यात मी मोहरी ठेवते. पण दीन, शोक करणारे आणि सौम्य यांच्यानंतर कोण धन्य, हे मला आजही पुस्तक उघडून पाहावे लागते. याउलट माझी आई भाकरी थापता थापता जे एक स्तोत्र गुणगुणत असे, ते मी कधीही ‘पाठ’ केले नाही. तरी वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसले असताना तेच ओठांवर आले, तिच्या चालीत आणि तिच्या चुकांसकट.

तेव्हा तुमच्या अकराव्या मुलाकडे वळू. तुम्ही त्याच्या हेलांचा उल्लेख उणेपणा म्हणून केला आहे. स्तोत्रसंहिता उघडून पाहा, कितीतरी स्तोत्रांच्या डोक्यावर ‘मुख्य गवयासाठी’ असे लिहिलेले सापडेल. ती गाण्यासाठीच रचली गेली. 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रे तर यरुशलेमकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची म्हणून ओळखली जातात, आणि 121 वे त्यांतलेच दुसरे आहे. म्हणजे मुळात ते वाटेने चालताना गायचे गीत आहे, आणि तुमच्या वर्गात ते गायले गेले तेव्हा ते फार दिवसांनी आपल्या मूळ रूपात आले होते. 119 वे स्तोत्र तर 176 ओव्यांचे. त्याचे बावीस भाग इब्री (हिब्रू) मुळाक्षरांच्या क्रमाने आठ-आठ ओळींचे बांधले आहेत, आणि ‘तुझे वचन मी मनात जपून ठेवले’ असे सांगणारी ओळ त्याच स्तोत्रातली आहे. अक्षरांच्या क्रमाने बांधलेले असे गीत मुखाने लक्षात ठेवणे सोपे जाते. त्याला गुणांच्या वहीची गरज लागत नाही.

आणि ही काही परक्या मुलखातील रीत नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानांना पुराणांची सवय होती, हे ओळखून त्यांनी पवित्र शास्त्रातील कथा मराठी ओवीत गुंफली आणि 1616 मध्ये रायतूर येथे ते ‘क्रिस्तपुराण’ छापले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यातील आणि पुढे मंगळूरकडील ख्रिस्ती घराघरांत गायला जात असे. सतराव्या शतकातील त्याच्या छापील प्रती आज हाती लागत नाहीत, तरी हस्तलिखितांतून आणि लोकांच्या मुखातून तो टिकला आणि 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. तुमच्या नगरात एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले, आणि नारायण वामन टिळकांनी अभंग व भजने लिहून मराठी मंडळीला तिचा स्वतःचा गळा दिला. त्या नगरातच एक मुलगा ओवीच्या चालीत स्तोत्र म्हणतो आणि त्याला शून्य मिळते, हे टिळकांना कळले असते तर ते तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर, त्या मुलाशेजारी जाऊन बसले असते, अशी माझी खात्री आहे.

आजीला अक्षरओळख नाही, हे तुम्ही तिची कमतरता म्हणून लिहिले आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले, हे तुमच्या मुलांना तुम्ही सांगितले असेलच. पण शास्त्र हृदयात कसे ठेवावे हे रमाबाई कोणत्याही मिशन शाळेत शिकल्या नव्हत्या. घरकामातून आईला दिवसा सवड मिळत नसे, म्हणून पहाट होण्याआधी ती झोपेने जड झालेल्या आपल्या लेकीला लाडीगोडीने उठवी आणि तिच्याकडून संस्कृत म्हणवून घेई. तो पाठ पुराणांचा होता, पवित्र शास्त्राचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आईच्या मुखातून मुलीच्या कानात शब्द उतरण्याची ती रीत त्यांना पुढे आयुष्यभर पुरली. तुमच्या त्या मुलाच्या घरी आजही ती रीत जिवंत आहे, आणि तुमच्या वर्गातील बाकीच्या दहा घरांत ती आहे की नाही, याविषयी तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही.

आता डोंगरांकडे डोळे लावून सुरू होणाऱ्या त्या 121 व्या स्तोत्राकडे जरा जवळून पाहा. केवळ आठ ओव्यांच्या त्या गीतात ‘राखणे’ या अर्थाचा एकच इब्री धातू सहा वेळा आला आहे. नगरच्या शिवारात राखण म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जोंधळा भरात आला की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे उडवणारा राखणदार असतो, आणि उन्हे कलली की त्यालाही डुलकी लागते. स्तोत्रकर्ता सांगतो की आपला राखणदार डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची बाधा होऊ देत नाही, आणि तुझे जाणे-येणे राखतो. रानात राबलेल्या बाईला याचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुधा तुमच्याही ध्यानात आलेली नाही. अँग्लिकन परंपरेच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात दृढीकरणाच्या वेळी बिशप प्रत्येकाच्या मस्तकावर हात ठेवून जी प्रार्थना करतात, तिची सुरुवातच ‘हे प्रभू, या तुझ्या लेकराचे रक्षण कर’ अशा मागणीने होते, आणि मग ते लेकरू दिवसेंदिवस तुझ्या आत्म्यात वाढत जावो, अशी विनंती येते. म्हणजे त्या दिवशी मस्तकावर हात पडताना जे मागितले जाते, तेच हा मुलगा आधीपासून आजीच्या सुरात म्हणत आला आहे. आणि तुम्ही मला विचारता की त्याचे नाव वगळावे का. नाही, वगळू नये. पाळकसाहेबांपर्यंत ही गोष्ट न्यायचीच असेल, तर आधी शून्याची हकिगत सांगा आणि मग त्यांचा चेहरा पाहा.

तुमची तळमळ खोटी आहे असे मी म्हणत नाही. सोळा वर्षे रविवारची सकाळ देणारी माणसे प्रत्येक मंडळीत बोटांवर मोजण्याइतकीच असतात. पण पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ‘ही वचने तुझ्या हृदयात ठसव’ असे सांगितल्यावर पुढे लगेच ती मुलांच्या मनावर कशी बिंबवायची तेही सांगितले आहे. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत राहा, असे ते सांगणे आहे. त्यात रविवारची परीक्षा कोठेच नाही. त्याआधीचा शब्दही सोडून चालणार नाही. ती वचने आधी सांगणाऱ्याच्या हृदयात असायची आहेत, मुलांची पाळी नंतर. यादीतील दहाही उतारे पुस्तक बाजूला ठेवून तुम्हाला म्हणता येतात का, हे तुम्ही लिहिले नाही आणि मीही विचारत नाही.

प्रभू येशूने वचन दिले होते की पवित्र आत्मा येईल आणि मी सांगितलेल्या सर्व गोष्टींची तुम्हाला आठवण करून देईल. दृढीकरणाच्या तयारीत हे आपण मुलांना सांगतोच. पण आठवण करून देता येते ती कधीतरी कानावर पडलेल्या आणि मनात मुरलेल्या गोष्टीची. ती मुरवण्याचे काम त्या आजीने न सांगता, न मोजता केलेले आहे.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे आणि तिला पर्याय देणार नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जा. पाळकसाहेबांना बरोबर नेऊ नका, वही नेऊ नका, आणि गेल्या गेल्या मोबाइल काढून ध्वनिमुद्रण करू नका, कारण त्या क्षणी आजी तुमची विद्यार्थिनी होऊन अवघडून बसेल आणि तुम्ही पुन्हा परीक्षक व्हाल. जमिनीवर तिच्याशेजारी बसा, चहा घ्या, आणि मुलाची तक्रार किंवा स्तुती यांतले काहीही न करता तिला सांगा की मला तुमचे ते डोंगराचे स्तोत्र शिकायचे आहे. ती आधी ‘मला कुठं काय येतंय’ म्हणेल. तुम्ही उठू नका. ती म्हणू लागेल तेव्हा तिचे शब्द छापील पुस्तकाशी जुळणार नाहीत, ते दुरुस्त करण्याचा मोह आवरा. तिला ते कोणी शिकवले, हे अवश्य विचारा, कारण त्या उत्तरात तुमच्या मंडळीचा असा इतिहास असेल, जो कोणत्याही अहवालात नाही. मग तिच्या मागोमाग एकेक ओळ म्हणा, चालीसकट, आवाज फाटला तरी. मुलगा दाराआडून ऐकत असेल, तर ऐकू द्या.

एका शनिवारात आठ ओव्या होणार नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा जा. त्यानंतरच्या रविवारी त्या मुलाला पुढे बोलावू नका. तो अजून दुखावलेला आहे आणि त्याला पुन्हा सगळ्यांसमोर उभे करण्याचा हक्क तुम्ही सध्या गमावला आहे. वर्गापुढे तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि आजीच्या हेलांत ते स्तोत्र म्हणा. मुले हसतील. हसून झाले की पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणा. मागच्या बाकावरून चूक सुधारणारा आवाज आला, तर थांबा आणि त्याला सुधारू द्या.

आणि वहीतले ते शून्य खोडू नका. ते त्याच्या नावासमोरून काढून तुमच्या नावासमोर लिहा, आणि आजींनी तुमचे पाठांतर ऐकून मान हलवली की मगच खोडा.

तुमची,
काकू