दोन सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनची मांडणी करताना

तुमच्या कार्यालयात दोन सर्व्हर आहेत आणि त्यांवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकांमध्ये, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) व हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवायचे आहे, असे धरून लिहितो. सर्वप्रथम मेमरीचा हिशेब करा, कारण प्रोसेसरचे कोअर अनेक व्हर्च्युअल मशीनमध्ये वाटून वापरता येतात, पण मेमरी कमी पडली की सगळीच मशीन एकदम मंदावतात. एक सर्व्हर बंद पडल्यास त्यावरची अत्यावश्यक मशीन दुसऱ्यावर सुरू करता यावीत, एवढी मेमरी दोन्हीकडे मोकळी ठेवणे मला अपरिहार्य वाटते. ६४ जीबीच्या सर्व्हरवर ६० जीबी वाटून टाकणे म्हणजे नियोजन नव्हे.

डोमेन कंट्रोलर दोन ठेवा आणि ते वेगवेगळ्या सर्व्हरवर असू द्या, नाहीतर एकाच बिघाडाने लॉगिन आणि डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही जातील. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचे क्लस्टर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा गट) करणार असाल, तर दोन नोडपैकी, म्हणजे गटातल्या सर्व्हरपैकी, एक गेल्यावर उरलेल्याला मशीन सुरू करायला लागणारे बहुमत मिळत नाही, म्हणून तिसरे मत देणारे एखादे छोटे यंत्र आधीच जोडून घ्या. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना, सर्व कोअरसाठी घेतल्यावरही, त्या सर्व्हरवर दोनच विंडोज व्हर्च्युअल मशीनना पुरतो, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्या.

स्नॅपशॉटला, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीला, बॅकअप समजू नका. तो सहसा त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबरच जातो. बॅकअप तिसऱ्या यंत्रावर घ्या आणि महिन्यातून एकदा त्यातून एखादे मशीन प्रत्यक्ष उभे करून पाहा.