समाजवादी घरात वाढलेले मूल आपोआप कार्यकर्ता होते का?

माझ्या अनुभवाने, आपोआप होत नाही. इंदूरच्या आमच्या घरी आजोबा राष्ट्र सेवा दलाचे जुने सैनिक होते, पंगतीत समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्या सप्तक्रांतीवर, म्हणजे अन्याय आणि विषमतेविरुद्धच्या सात क्रांतींच्या कल्पनेवर, रोज चर्चा चाले, आणि शाळकरी वयात मला तिचा कंटाळा येई. घराने दिलेली एक सवय मात्र फार मोलाची ठरली: आपण जे वापरतो त्याची किंमत कोण चुकवते, हे विचारणे. इंदूर १९७८ पासून जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी पिते. त्याच नदीवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात धार आणि बडवानी जिल्ह्यांतील गावे बुडणार, हे त्यांपैकीच एका गावाच्या, निसरपूरच्या, लोकांच्या तोंडून ऐकल्यावर मला घरी बसवेना. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांचे वडीलही स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबईच्या कामगार चळवळीतले, परंतु माझ्या मते त्यांना घडवले ते नर्मदा खोऱ्यातील पायपिटीने. मी निघाले तेव्हा आईने एकच अट घातली: मोर्चाआधी नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा १९७९ चा निवाडा, विशेषतः विस्थापितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याची तरतूद, वाचून काढायची. नव्या मुलांनाही मी सुरुवात तेथूनच करायला सांगते.