सोसायट्यांना रूफटॉप सोलर विकताना मागे लागल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना रोज ढिगाने मेसेज करता, ब्रोशर पाठवता आणि बहुतेक जण ब्लॉक करतात. आधी ही संख्या कमी करा. दिवसाला पाचच सोसायट्या घ्या, पण प्रत्येकीला वीस मिनिटं द्या.

गूगल मॅप्सवर सॅटेलाइट लावून गच्ची बघा. टाक्या कुठे, लिफ्टरूम कुठे, मोकळी जागा किती. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणून टाकीच्या उत्तरेला जवळपास तिच्या उंचीइतकी सावली पडते. सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. तेवढी जागा वगळून मगच लिहा:

"नमस्कार. आपल्या बी विंगच्या गच्चीवर टाक्यांची सावली सोडून अंदाजे १,२०० चौरस फूट जागा दिसते. तिथे १० ते १२ किलोवॅट बसेल, म्हणजे वर्षाच्या सरासरीने महिन्याला १,२०० ते १,४०० युनिट. लिफ्ट-पंपाच्या मीटरचा वापर याच्या आसपास किंवा जास्त असेल तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे. बिलाचा फोटो पाठवलात तर हिशोब करून देतो. नको असेल तर तेवढंच कळवा, परत मेसेज करणार नाही."

हा मेसेज दुसऱ्या सोसायटीला पाठवताच येत नाही, आणि सेक्रेटरींना ते पहिल्याच वाक्यात कळतं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यामुळे एका फोटोत काम होतं.

हिशोबात 'बिल शून्य' लिहू नका. स्थिर आकार भरावाच लागतो, पावसाळ्यात युनिट कमी पडतात. पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते वेगळ्या ओळीत दाखवा. 'स्कीम संपतेय, आजच सही करा' हा धाक तर अजिबात नको. कमिटीतलं कुणीतरी योजनेचं पोर्टल उघडून बघतंच, आणि मग तुमचा एकही आकडा कुणी खरा मानत नाही.

दोन प्रश्न स्वतःहून विचारा: गच्ची गळते का, आणि रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का? गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायला सांगा, नाहीतर नंतर सगळे पॅनल उतरवावे लागतात. इमारत दोन-तीन वर्षांत पाडली जाणार असेल तर 'आत्ता सोलर करू नका' असं स्पष्ट सांगा. ऑर्डर जाते, पण शेजारच्या सोसायटीचा नंबर बरेचदा अशाच सेक्रेटरींकडून मिळतो.

उत्तर येत नाही याचा अर्थ नकार असा धरू नका. सेक्रेटरी एकटे हा खर्च मंजूर करू शकत नाहीत. आधी कमिटी, मग सर्वसाधारण सभा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. म्हणून जुलैतच दोन पानांचं टिपण द्या. आणखी दोन कोटेशनं घ्यायला तुम्हीच सांगा, आणि त्यात काय ताडून बघायचं तेही लिहा: पॅनलचे वॉट, इन्व्हर्टरची वॉरंटी, स्ट्रक्चरचं गॅल्व्हनायझिंग (गंज टाळणारा जस्ताचा थर), धुण्याची जबाबदारी. मग सभेची तारीख विचारा आणि तोवर फोन करू नका. दर आठवड्याला 'काय ठरलं?' विचारलंत तर सेक्रेटरींकडे सांगण्यासारखं काही नसतं आणि ते फोन टाळायला लागतात.

विकत घेतलेल्या याद्यांवरून कॉल करणं बंदच करा. जाहिरातीच्या कॉलसाठी ट्रायने (दूरसंचार नियामकाने) १४० ने सुरू होणारे नंबर दिले आहेत, साध्या मोबाइल नंबरवरून केलेल्या कॉलची १९०९ वर तक्रार होते. त्यापेक्षा वॉचमनला ऑफिसची वेळ विचारा आणि रविवारी सकाळी गच्चीचा नकाशा घेऊन समक्ष जा.