‘हाउस ऑफ हॅमर’च्या जुन्या अंकांतील चित्रकथा आज वाचण्याजोग्या आहेत का?

नातेवाइकांच्या माळ्यावर ‘हाउस ऑफ हॅमर’ या जुन्या ब्रिटिश मासिकाचे काही अंक सापडले असून, त्यांतील चित्रकथा वाचाव्यात की त्या ज्यांवर बेतल्या आहेत ते चित्रपटच सरळ पाहावेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चित्रकथा आधी वाचाव्यात, आणि त्याही सावकाश. लेख व परीक्षणे नंतर चाळली तरी चालतील, कारण त्यांतील बरीचशी माहिती आता इतरत्रही मिळते. ही चित्रे मात्र सहजासहजी मिळत नाहीत.

हे मासिक १९७६ मध्ये डेझ स्किन यांच्या संपादनाखाली सुरू झाले. हॅमर ही १९५७ चा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ काढणारी ब्रिटिश चित्रपटसंस्था, आणि तिच्या चित्रपटांची चित्रकथारूपे हे या मासिकाचे मोठे आकर्षण होते. त्या काळी ब्रिटनमध्ये असे बहुतेक भयपट ‘एक्स’ प्रमाणपत्राखाली येत, त्यासाठीची वयोमर्यादा १९७० मध्ये सोळावरून अठरा केलेली होती आणि घरोघरी व्हिडिओ यायला अजून काही वर्षे होती. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला चित्रपटगृहात प्रवेश नसलेला ‘ड्रॅक्युला’ प्रथम भेटत असे तो अनेकदा या कृष्णधवल पानांवरच. दीड तासाची गोष्ट पंधरा-वीस पानांत बसवायची, आणि तीही मूळ चित्रपट न पाहिलेल्या वाचकासाठी, ही जबाबदारी चित्रकारांवर होती. दृश्य नुसते आठवून देणे त्यांना पुरणारे नव्हते. ते वाचकासमोर पहिल्यांदाच उभे करावे लागत होते.

भयकथा अशा मासिकांच्या आश्रयाला येण्यामागे कायद्याचा आणि नियमावलीचा इतिहासही आहे. अमेरिकेत १९५४ च्या कॉमिक्स संहितेने भयकथांवर जवळजवळ बंदीच आणली, आणि प्रकाशक जेम्स वॉरन यांनी १९६४ मध्ये ‘क्रीपी’ हे भयकथांचे नियतकालिक काढले ते मासिकासारख्या मोठ्या आकारात व कृष्णधवल, म्हणजे त्या संहितेच्या कक्षेबाहेर. ब्रिटनमध्येही मुलांच्या हाती पडू शकणाऱ्या हिंसक चित्रकथांविरुद्ध १९५५ मध्ये कायदा झाला होता. ‘हाउस ऑफ हॅमर’च्या बाबतीत मात्र मला या इतिहासापेक्षा त्यातील चित्रकार अधिक महत्त्वाचे वाटतात.

सहाव्या अंकातील ‘ड्रॅक्युला, प्रिन्स ऑफ डार्कनेस’ ही त्याच नावाच्या चित्रपटावरची चित्रकथा जॉन बोल्टन यांनी चितारली आहे. लंडनमधील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात हा अंक मला मिळाला, तेव्हा त्याच्या पिना गंजलेल्या होत्या आणि पिनांभोवतीचा कागद तांबूस पडला होता. घरी आल्यावर एक चेहरा मी भिंगाखाली पाहिला. लांबून जी सावली सपाट काळी वाटत होती, ती प्रत्यक्षात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी होती. गालाच्या उंचवट्यापाशी त्या रेषा विरळ होत जाऊन अखेर नुसता कागद उरला होता, आणि तो कोरा राहिलेला कागद म्हणजेच चेहऱ्यावरचा उजेड होता. साध्या कागदावर, मासिकाच्या घाईत छापल्या जाणाऱ्या पानासाठी एवढी मेहनत घेतलेली पाहून मला मनापासून आदर वाटला, आणि तो आजही कायम आहे.

याच चित्रपटातील एका पात्राने पुढे स्वतंत्र आयुष्य मिळवले. १९६६ च्या त्या चित्रपटात अँड्र्यू कीर यांनी रंगवलेला फादर सँडॉर हा खांद्याला बंदूक लावून हिंडणारा, सरायीत आल्या आल्या झगा वर करून शेकोटीकडे पाठ शेकणारा, व्यवहारी आणि निर्भीड मठाधिपती आहे. लेखक स्टीव्ह मूर आणि बोल्टन यांनी त्याला ‘फादर शँडॉर’ या नावाने स्वतंत्र चित्रमालिकेचा नायक केले. स्किन यांनी १९८२ मध्ये ‘वॉरियर’ हे मासिक काढले तेव्हा शँडॉर तिकडे गेला, आणि त्याच मासिकात अ‍ॅलन मूर व डेव्हिड लॉईड यांची ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ ही चित्रमालिका सुरू झाली. लॉईड यांनीही त्याआधी हॅमरच्या याच मासिकासाठी चित्रे काढली होती. ब्रिटिश चित्रकथा पुढे प्रौढ वाचकांसाठी लिहिली-चितारली जाऊ लागली, तिची तालीम बऱ्याच अंशी या पानांवर झाली, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

अंक हाताळताना थोडी काळजी घ्यावी. पाने पूर्ण उलटी दुमडू नयेत, गंजलेल्या पिना स्वतः उपटू नयेत, आणि चित्रे टिपून ठेवायची असल्यास अंक जेमतेम अर्धा उघडून वरून छायाचित्र घ्यावे. पाठीमागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल, तर टिपायच्या पानामागे काळा कागद सरकवावा. रेषा स्पष्ट येतात.

आपल्या अंकांमध्ये सतरावा असेल, तर तोच प्रथम उघडावा. त्यात ब्रायन बोलंड यांनी चितारलेली ‘व्हॅम्पायर सर्कस’ आहे. बोल्टन यांच्या जाळीदार सावल्यांनंतर बोलंड यांची स्वच्छ, ठाम बाह्यरेषा पाहिली की, एकाच मासिकात भय उभे करण्याच्या दोन किती वेगळ्या रीती नांदत होत्या, हे आपल्याला पहिल्याच पानावर दिसेल.