प्रेमानं समजवायचं की शिस्त लावायची?

पालक मला हा प्रश्न सतत विचारतात. बहुतेकदा आईवडिलांनी त्याची आपसात वाटणीही करून टाकलेली असते. या घरात तसंच होतं (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). मुलगा नववीत. सकाळी उठायचा नाही, अधूनमधून पोट दुखतं म्हणून शाळा बुडवायचा, काही विचारलं की दार आपटायचा. आई रात्री उशाशी बसून म्हणायची, "मनात काय आहे ते बोल ना रे." वडिलांनी नवा क्लास लावला, मोबाइल काढून घेतला. तिच्या मते हे फार कडक, यांच्या मते हिनंच लाडावून ठेवलंय.

माझ्यासमोरही तो गप्पच होता. मी मनातलं विचारलंच नाही. पोट कुठल्या दिवशी दुखतं, एवढंच विचारलं. मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी काय असतं? विज्ञानाचं प्रॅक्टिकल. मग हळूहळू कळलं. आजारपणात जर्नल मागं पडलं, त्यावरून वर्गात उभं केलं गेलं, ते टाळायला दांडी मारली आणि दांडीमुळं आणखी प्रयोग राहिले. पोटदुखीचं सोंग नव्हतं बरं का. भीतीनं पोट खरंच दुखतं.

आईला सांगून जर्नल थोडंच पूर्ण होणार होतं? आणि क्लासमुळं तर कामात भरच पडली होती.

मी कामांची अदलाबदल केली. आईनं वर्गशिक्षिकांना भेटून मुदत मागून घ्यायची. वडिलांनी क्लास काही दिवस थांबवायचा, मोबाइल परत द्यायचा आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसायचं. राहिलेल्या प्रयोगांची यादी करून द्यायची, समास आखून द्यायचे. लिहायचं मात्र त्यानंच. उपदेश बंद. वडिलांना हे कारकुनी काम वाटलं, नाराजीनंच तयार झाले.

एकदा आकृती काढता काढता, मान वर न करता मुलगा म्हणाला, "त्या दिवशी सगळे हसले होते." समोरासमोर बसवून विचारल्यावर या वयाची मुलं आक्रसतात, हात कामात असले की बोलणं सोपं जातं. "त्यात काय एवढं" हे वडिलांच्या अगदी ओठावर आलं होतं, त्यांनीच मला सांगितलं. पण ते "वाईट वाटलं असेल" एवढंच म्हणाले आणि पुढची रेघ आखली.

सकाळच्या भांडणाबद्दलही बोललो. वयात येताना झोपेची वेळ शरीरच पुढं ढकलतं, आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. सगळाच आळस नसतो. मोबाइल रात्री बैठकीत ठेवायचा ठरलं, आईवडिलांचासुद्धा.

जर्नल उशिरा का होईना, जमा झालं. मधे एक शुक्रवार बुडाला, गणित अजून कच्चंच आहे.

प्रत्येक मूल एवढ्यावर सावरत नाही. किशोरवयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ चिडचिड, भूक-झोपेत बदल, मित्र आणि आवडीच्या गोष्टी सुटणं, असं दिसलं तर तज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला, तर जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.