जुन्या घरात अर्थिंग नाही, गिझरसाठी न्यूट्रललाच अर्थ जोडला तर चालेल का?

नाही. वायरमन कितीही अनुभवी असला तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की वायरिंग आजोबांच्या वेळचं आहे, बोर्डात दोनच वायरी येतात (वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल) आणि वायरमन म्हणतो, ‘न्यूट्रल शेवटी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) जमिनीतच जातो, सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ एक तारेचा तुकडा मारला की झालं अर्थिंग.’ आमच्या काकांनी मला नेमकं हेच ऐकवलं होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आमचं सातारा जिल्ह्यातलं जुनं घर. सागवानी पट्ट्यांवर क्लिपांनी ठोकलेलं वायरिंग, लोखंडी मेन स्विच आणि त्यात दोन किटकॅट (तार घालायचे चिनी मातीचे फ्यूज), एक फेजला, एक न्यूट्रलला. मी आयटीआय करून कारखान्यात मेंटेनन्सला लागलो होतो, पण घरात शब्द चालायचा तो काकांच्या ओळखीच्या मिस्त्रीचा. गिझर बसवताना त्याने सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा जोडला आणि फेज-अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरला. दिवा लख्ख पेटला. काका खूश.

पावसाळ्यात एका सकाळी घरातली लाईट गेली. शेजारी होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. काकू न्हाणीघरात होत्या, गिझरचं बटण चालूच होतं. त्यांनी नळाला हात लावला आणि मागे फेकल्या गेल्या. हात झटक्यात सुटला म्हणून वाचल्या, पण दंड कित्येक दिवस बधिर होता.

काकांचं म्हणणं, लाईटच नव्हती तर शॉक कसला, घाबरली असेल. मी त्यांना सॉकेटसमोर उभं केलं आणि टेस्टर घातला. फेजच्या भोकात पेटला. न्यूट्रलच्या भोकात पेटला. अर्थच्या भोकातही पेटला. मेन स्विचमधला न्यूट्रलचा किटकॅट उडाला होता. फेज घरात येत होता, गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रलवर उतरत होता, पुढे परतीची वाट तुटलेली, म्हणून त्या तुकड्यावरून थेट गिझरच्या धातूच्या बॉडीवर आणि तिथून नळावर. घरात अंधार आणि नळाला 230 व्होल्ट.

डीपीवर न्यूट्रल जमिनीत घातलेला असतो हे खरं, पण ते काम तिथलं. न्यूट्रलमधून रोज करंट वाहतो, अर्थमधून एरवी काहीच वाहता कामा नये. टेस्ट लॅम्प पेटला यावर जाऊ नका, न्यूट्रलशी जोडलेल्या अर्थवरही तो तेवढाच पेटतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच असेल तर तो बंद करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवा आणि सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थवर लावा. वाजला तर कोणीतरी तुकडा मारून गेलंय.

तुमच्या गिझरसाठी: पिट (अर्थिंगचा खड्डा) काढा, तिथून बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून गिझरपर्यंत वेगळी हिरवी वायर ओढा, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. नुसत्या पिटवर विसंबू नका. पिटचा रेझिस्टन्स 25 ओहम निघाला, तर बॉडीला फेज लागल्यावर जेमतेम 9 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरची एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही आणि बॉडीवर करंट तसाच राहतो. नळाच्या पाइपला अर्थ बांधायची जुनी पद्धतही सोडा, जमिनीतले निम्मे पाइप आता प्लास्टिकचे झालेत. आणि आरसीसीबी सारखी ट्रिप होते म्हणून वायरमन ती बायपास करायला निघाला, तर करू देऊ नका. जुन्या घरात बहुतेक वेळा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, किंवा असाच एखादा तुकडा कुठेतरी राहिलेला असतो. तो शोधायला लावा.

घर भाड्याचं असेल आणि पिट काढणं तुमच्या हातात नसेल, तर निदान आरसीसीबी लावाच. अर्थ नसली तरी ती काम करते, फक्त करंट तुमच्या अंगातून जायला लागल्यावर ट्रिप होते. हे सगळं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, टेस्टर हातात आहे म्हणून स्वतः बोर्ड उघडू नका.

काका अजून म्हणतात, न्यूट्रलच्या किटकॅटला जाड तार घातली असती तर ती वेळच आली नसती. जाड तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग पेटतं, काका. न्यूट्रलला फ्यूज मुळात असूच नये. तुमच्याही मेन स्विचमध्ये दोन किटकॅट असतील, तर न्यूट्रलचा काढून तिथे लिंक (फ्यूज नसलेला सरळ जोड) बसवून घ्या, आणि तेही गिझरच्या आधी.