सही नाकारली तर नोकरी जाईल का?

प्रश्न : मी अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. कंपनीने विविधतेविषयीचं ट्रेनिंग सक्तीचं केलं आहे. शेवटी ‘सहकाऱ्यांच्या सर्व श्रद्धा आणि जीवनशैली मला मोलाच्या वाटतात’ या निवेदनावर सही मागतात. माझ्या धर्माला ते मान्य नाही. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर कारवाई होईल, असं एचआरने कळवलंय.

उत्तर : ट्रेनिंगला नकार देऊ नका, ते पूर्ण करा. तुमची अडचण त्या एका वाक्याची आहे आणि कायदा तिथेच तुमच्या बाजूने उभा राहू शकतो.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याचं ‘टायटल सेव्हन’, म्हणजे नोकरीतला भेदभाव रोखणारा भाग, १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो. व्हिसावरच्या माणसालाही त्याचं संरक्षण आहे. प्रामाणिक धर्मश्रद्धेसाठी सवलत मागितली, तर कंपनीला ती सहजी नाकारता येत नाही. पूर्वी किरकोळ जादा खर्च दाखवला तरी कंपन्या सुटत. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉफ खटल्यात सांगितलं, की धंद्यावर भरीव बोजा पडत असेल तरच नकार चालेल.

तुमच्यासारखंच प्रकरण कोलोरॅडोत घडलं होतं. एटी अँड टी ब्रॉडबँडचा एक कर्मचारी म्हणाला, मी कुणाशीही भेदभाव करणार नाही, पण इतरांच्या श्रद्धा मोलाच्या मानतो असं लिहून देणार नाही. कंपनीने त्याला काढलं. २००४मध्ये तो खटला जिंकला, कारण त्याची अडचण समजून घेऊन मार्ग काढण्याचा प्रयत्नच कंपनीने केला नव्हता. त्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डचा कर्मचारी मात्र अपिलात हरला. समलिंगी सहकाऱ्यांना बोचावीत म्हणून त्याने बायबलची वचनं आपल्या जागेवर लावली होती आणि ती काढायला तो तयार नव्हता.

म्हणून आजच एचआरला ईमेल पाठवा : ‘मी ट्रेनिंग पूर्ण करतो. सर्व सहकाऱ्यांशी आदराने वागेन, कुणाशीही भेदभाव करणार नाही, असं लिहून देतो. श्रद्धेविषयीचं वाक्य मात्र माझ्या धर्मामुळे मान्य करता येत नाही. त्याऐवजी दुसरा मजकूर द्यावा, ही विनंती.’ यातलं आदराचं वचन मनापासून पाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या बॉस्टॉक निकालानंतर समलिंगी आणि ट्रान्सजेंडर सहकाऱ्यांनाही हाच कायदा संरक्षण देतो, आणि ते योग्यच आहे.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. नोकरी सुटल्यावर एच-१बीवर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कारवाई झालीच, तर ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणारी सरकारी संस्था) १८० दिवसांत तक्रार करावी लागते. बऱ्याच राज्यांत ही मुदत ३०० दिवस आहे. तिथल्या नोकरीविषयक वकिलाला मात्र शुक्रवारच्या आतच गाठा.